वरचा मजला आणि खालची भिंत

व्यापार वाढतो, मुलांची लग्ने होतात आणि घरावर एक मजला चढवावा, असा विचार सुरू होतो. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपल्या समाजातील जुनी मांडणी. परंतु माकणीच्या परिसरात असा विचार करताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरून चालत नाही.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. माकणीजवळचे सास्तूर उद्ध्वस्त झाले. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. धक्का मध्यम, सुमारे 6.2 क्षमतेचा होता. संहार केला तो घरांनी. रुंद दगडी भिंतींना मातीचा दर्जा, दोन्ही बाजूंना मोठे दगड आणि मध्ये कपच्यांची भर. दोन्ही बाजू बांधणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यात भिंती फुगल्या आणि माळवदाचा मातीचा भार खाली आला. तोवर सर्वांत कमी धोक्याचा मानलेला किल्लारीचा प्रदेश 2002 च्या भारतीय मानकात तिसऱ्या भूकंप विभागात घेतला गेला.

मातीच्या दर्जातील जुन्या भिंतीवर स्लॅब टाकणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होय. भिंत जाड आहे म्हणून ती भक्कम आहे, हा समज 1993 ने खोटा ठरवला. म्हणून प्रथम स्थापत्य अभियंत्याकडून पाया, भिंती आणि काळ्या जमिनीची तपासणी करून घ्यावी. वरच्या खोलीत पोती किंवा मालाच्या पेट्या ठेवायच्या असतील, तर ते आधीच सांगावे. राहत्या खोलीपेक्षा गोदामाचा भार कितीतरी अधिक असतो. जुनी भिंत हा भार पेलणारी नसेल, तर शेजारी स्वतंत्र पायावर नवी खोली बांधावी आणि दोन्ही बांधकामांत अभियंता सांगेल तेवढी फट ठेवावी.

विटांच्या नव्या बांधकामात जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत या पातळ्यांवर सलग काँक्रीटचा पट्टा असावा. स्लॅब असल्यास छताचा वेगळा पट्टा लागत नाही. खांबांच्या रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवलेली असावीत. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान सात आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस पाणी मिळावे. स्लॅब ओतण्यापूर्वी अभियंत्याने सळ्या प्रत्यक्ष पाहाव्यात. नंतर त्या कोणालाच दिसत नाहीत.

गावठाणात बांधकामाची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. मात्र कागदावरील शिक्का भिंतीला बळ देत नाही. मालाचे वजन-माप पारखून घेणाऱ्या व्यापाऱ्याने घर बांधतानाही तोच काटेकोरपणा पाळावा. अभियंत्याचे शुल्क एकदाच द्यावे लागते. घरातील माणसे त्या छताखाली रोज निजतात.