मोटरच्या चाकाचे आरे

ई-सायकल चालवताना मागून ‘टण्’ असा आवाज येतो. दोन-चार मिनिटांनी ब्रेकचं रबर दर फेरीला रिमला एकाच जागी घासू लागतं. उतरून पाहिलं तर एक आरा तुटून लोंबतोय. आरा म्हणजे स्पोक, रिम आणि हब यांना जोडणारी तार. जवळच्या सायकलवाल्याकडे गेलो की तो खोक्यातून आरा काढतो, चाकाला लावून पाहतो आणि मान हलवतो. त्याचा आरा पाच-सहा सेंटीमीटर जास्त लांब असतो.

असं का होतं? साध्या सायकलचा हब मुठीत मावतो. हबमध्येच बसवलेली मोटर, म्हणजे हब मोटर, मात्र थाळीएवढी असू शकते. तिच्या कडेची भोकं रिमच्या जवळ येतात, म्हणून आरे आखूड लागतात. आखूड आरा ताणला तरी फारसा लांबत नाही. त्यामुळे खड्ड्यात रिम जराशी दबली तरी त्याचा ताण पटकन निघून जातो. सैल झालेला आरा भोकात हलत राहतो आणि शेवटी वाकणीपाशी, म्हणजे डोक्याजवळच्या कोपरावर, तुटतो.

तुटलेल्या आऱ्याचं तोंड उजेडात धरून आपण एकदा पाहाच. अर्धा भाग मळकट आणि गुळगुळीत दिसेल, उरलेला ताजा आणि खरखरीत. मळकट भागातली चीर कित्येक दिवस वाढत होती. आरा आज तुटला, पण सैल तो फार आधीच झाला होता. म्हणून एका मागोमाग तीन आरे गेले असतील तर चौथ्याची वाट पाहू नये, सगळे बदलावेत.

चाक काढण्याआधी बॅटरी सोडवा आणि मोटरच्या वायरचा कनेक्टर सरळ ओढून वेगळा करा. मग आसावरचे नट, वायसर आणि आस फिरू न देणारी पट्टी ज्या क्रमाने बसवली आहे त्याचे फोटो काढा. आऱ्यांचेही दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पुढे ते फार उपयोगी पडतात.

आता भोकं मोजा. बहुतेक हब मोटरींना 36 भोकं असतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 आरे असत. घरातली जुनी रिम मोटरीला बसवू म्हटलं की बेत इथेच फसतो. भोकांचा आकडा जुळला नाही तर ती रिम बाजूला ठेवावी.

मग आऱ्याची जाडी पाहू. जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 14 गेज म्हणजे 2 मिलिमीटर, 13 म्हणजे 2.3 आणि 12 म्हणजे 2.6. आरे तुटतात म्हटल्यावर बहुतेक जण 12 गेज मागतात. माझं मत याच्या उलट आहे. जाड तार नीट ताणायला जास्त जोर लागतो आणि सायकलची साधी रिम तो सोसत नाही. मग आरे अर्धवट ताणलेले राहतात, सैल होतात आणि तुटतात. सायकलच्या रिमला 13 किंवा 14 गेज पुरतो. कोपराशी 2.3 आणि मध्ये 2 मिलिमीटर असा दोन जाडींचा आरा मिळाला तर उत्तमच.

एक अडचण मात्र राहते. मोटरची भोकं बऱ्याचदा जाड आऱ्यांसाठी पाडलेली असतात. 3 मिलिमीटरच्या भोकात 2 मिलिमीटरचा आरा डुगडुगतो. त्यासाठी आऱ्याच्या डोक्याखाली पितळेचा बारीक वायसर घालावा. निप्पल, म्हणजे रिममधून आऱ्यावर चढणारा छोटा नट, त्याच गेजचा घ्यावा. 14 चा निप्पल 13 वर चढत नाही.

आता लांबी. जुना आरा धड असेल तर कोपराच्या आतल्या वळणापासून आट्यांच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. डोकं धरू नका. डाव्या आणि उजव्या बाजूचे आरे वेगवेगळे मोजा, कारण मागच्या चाकात दोन्हींची लांबी सारखी असेलच असं नाही.

जुनं माप नसेल किंवा रिम नवी असेल तर गणित करावं लागतं. त्याला तीन मापं लागतात. पहिलं माप रिमचं. समोरासमोरच्या भोकांत निप्पल लावलेले दोन जुने आरे घाला, आणि एका निप्पलच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर काढा. दुसरं, मोटरच्या एका कडेवरच्या समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर. तिसरं, चाकाच्या मध्यरेषेपासून त्या कडेपर्यंतचं आडवं अंतर.

समजा ही मापं 540, 140 आणि 22 मिलिमीटर आली. पहिली दोन निम्मी करा: 270 आणि 70. 270, 70 आणि 22 या तिन्हींच्या वर्गांची बेरीज 78,284. त्यातून 2 × 270 × 70 × कोसाइन 20 अंश, म्हणजे सुमारे 35,520 वजा करा. उरलेल्याचं वर्गमूळ सुमारे 206.8. त्यातून भोकाच्या व्यासाचा निम्मा भाग, दीड मिलिमीटर, काढला की 205.3. आपण 205 चा आरा घ्यावा.

हे 20 अंश कुठून आले? एका कडेवर 18 भोकं, म्हणून दोन भोकांमध्ये 20 अंश. एक आरा दुसऱ्या एकाच आऱ्याला ओलांडत असेल तर 20 धरायचे, दोन आऱ्यांना ओलांडत असेल तर 40. याला क्रॉस म्हणतात. साध्या चाकात तीन क्रॉस असतात आणि सवयीने कारागीर मोटरलाही तीनच घालतो. सर्वांत जास्त आरे इथे वाया जातात. साध्या हबवर तीन क्रॉस घातले तर आरा रिममध्ये चारेक अंश तिरका शिरतो. वरच्या उदाहरणात तेच केलं तर तो तिरकेपणा चौदा अंशांच्या वर जातो. निप्पल तेवढा कलत नाही, मग आरा निप्पलच्या तोंडाशी वाकतो आणि तिथे तुटतो. मोठ्या मोटरला एकच क्रॉस ठेवावा.

अशा मापाचे आरे साध्या दुकानात सहसा मिळत नाहीत. ई-सायकलचं किट विकणाऱ्याकडे मागावेत, किंवा आरा कापून आटे पाडण्याचं यंत्र असलेलं दुकान शोधावं. लांब आरा घरी कापून डायने आटे पाडू नका. आऱ्याचे आटे कोरलेले नसतात, दाबून उठवलेले असतात. कोरलेल्या आट्यांनी तार तिथेच बारीक होते. 36 आरे लागत असतील तर 40 घ्या.

चाक भरताना आटे तेलात बुडवून घ्या. एका कडेच्या एकाआड एक भोकात नऊ आरे घाला आणि ते रिमच्या दर चौथ्या भोकात न्या. सुरुवात व्हॉल्वच्या शेजारच्या भोकापासून करा. मग दुसऱ्या कडेचे नऊ भरा. शेवटी उरलेले अठरा क्रॉस करत भरा. डोकी आत की बाहेर, हे जुन्या फोटोवरून ठरवा. सगळे निप्पल सारखे, हाताने बसतील एवढेच फिरवा.

पुढे आऊट काढणं, म्हणजे रिमची लचक घालवणं. सायकल उलटी करून चाक तिच्यातच ठेवलं आणि ब्रेकच्या रबराला खूण धरली तरी चालतं. हबकडून पाहताना निप्पल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की आरा आवळतो. नवखे इथेच चुकतात आणि सैल करत बसतात. रिम उजवीकडे आली तर त्या जागेचे डावे आरे पाव फेरा आवळा. पावच, जास्त नको. ताण टप्प्याटप्प्याने, पूर्ण चाकाला सारखा वाढवा. वाजवून ताण ओळखायची सवय असेल तर एक ध्यानात ठेवा: आखूड आरा तेवढ्याच ताणाला जास्त बारीक आवाज देतो. आवाजाची तुलना त्याच चाकाच्या, त्याच बाजूच्या आऱ्यांशी करा.

आता समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत घेऊन घट्ट दाबा. कोपर जागेवर बसतात आणि थोडे ‘कट्कट्’ आवाज येतात. त्यानंतर आऊट पुन्हा तपासा. रिमच्या आत निप्पलबाहेर आलेलं टोक कानशीने घासून टाका, नाहीतर ट्यूब पंक्चर होते. टोक निप्पलच्या माथ्यापर्यंतही पोचत नसेल तर आरा आखूड आहे. तो बदला, कारण असा निप्पल माथ्याशी तुटतो.

चाक चढवताना आस न फिरू देणारी पट्टी विसरू नका. मोटरने जोर केल्यावर आस फिरला तर वायरच पिळून तुटते.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे आरे पुन्हा हाताने चाचपा आणि सैल वाटतील ते आवळा. उरलेले चार आरे निप्पलसह सायकलच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून ठेवा. रस्त्यात कुठेही दुसरा सुटा भाग मिळेल, त्या मापाचा आरा मिळणार नाही.