शिक्षा भोगून झाली, पण जर्सीचं काय?

पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी माथा टेकून रायगडाकडे निघालेल्यांच्या गप्पांत रांझ्याच्या पाटलाची गोष्ट हमखास निघते. बाईवर हात टाकणाऱ्या पाटलाचे शिवाजी महाराजांनी हातपाय तोडवले, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पाटीलकीचं काय झालं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. महाराजांच्या १६४६ च्या पत्रानुसार या पाटलाची, म्हणजे बाबाजी गुजराची, पाटीलकी जप्त झाली आणि ती त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराला मिळाली. अवयव तोडण्याची शिक्षा आज कायद्यात बसत नाही, बसूही नये. पण गुन्ह्याची सजा वेगळी आणि मानाचं पद वेगळं, हा त्यातला विवेक आजच्या मैदानावरही हवा.

गैरसमज : शिक्षा संपली की संघात परतणं हा हक्कच.

वस्तुस्थिती : कष्ट करून पोट भरण्याचा हक्क जरूर परत मिळतो. देशाची जर्सी मात्र निवडीने मिळते. नेदरलँड्सचा बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हॅन डे व्हेल्डे याला १२ वर्षांच्या मुलीवरील बलात्काराबद्दल २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये चार वर्षांची कैद झाली. सुमारे तेरा महिन्यांत तो सुटला, २०१७ मध्ये पुन्हा खेळू लागला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला गेला. तिथे त्याला क्रीडाग्रामाबाहेर ठेवलं, पत्रकारांपासूनही दूर ठेवलं. मैदानात उतरताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

गैरसमज : अशा गुन्ह्याने खेळाडू आयुष्यातून उठतो.

वस्तुस्थिती : मुष्टियोद्धा माइक टायसन १९९२ मध्ये बलात्काराबद्दल दोषी ठरला, १९९५ मध्ये रिंगणात परतला आणि १९९६ मध्ये पुन्हा विश्वविजेता झाला.

गैरसमज : आरोप झाला म्हणजे दोषीच.

वस्तुस्थिती : नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने याला जानेवारी २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने बलात्काराच्या खटल्यात आठ वर्षांची शिक्षा सुनावली, मे महिन्यात पाटण उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. वेल्सचा फुटबॉलपटू चेड इव्हान्स २०१२ मध्ये अशाच खटल्यात दोषी ठरला आणि २०१६ च्या फेरसुनावणीत सुटला. निर्दोष ठरलेल्याला दोषसिद्ध गुन्हेगाराच्या रांगेत बसवणं हाही अन्यायच. मात्र खटला चालू असताना संघाबाहेर ठेवणं म्हणजे शिक्षा नव्हे. ती खबरदारी आहे.

गैरसमज : काय ते कायदाच ठरवतो.

वस्तुस्थिती : बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्याला आपल्याकडे सुटकेनंतरही सहा वर्षं आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही. खेळाडूच्या बाबतीत निर्णय संघटना, क्लब आणि प्रायोजकांच्या हाती राहतो. इटलीत बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्या फुटबॉलपटू रॉबिन्योशी ब्राझीलच्या सांतोस क्लबने २०२० मध्ये केलेला करार प्रायोजकांनी डोळे वटारल्यावर काही दिवसांतच स्थगित झाला.

महाड-पोलादपूरच्या कबड्डी मंडळांना प्रायोजकांची वाट पाहायची गरज नाही. प्रशिक्षक किंवा कप्तान नेमण्याआधी त्याच्यावरचे खटले आणि निकाल विचारता येतात. अल्पवयीन खेळाडूवर अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळाची अब्रू जाईल म्हणून प्रकरण गावकीत मिटवणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.