दाढेसोबत सांगितलेले गुपित

जळगाव किंवा धुळ्यात दाढ दाखवायला गेलेला रुग्ण दाढेपलीकडचे बरेच सांगून येतो: मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, तंबाखूची सवय, कधी एचआयव्हीची लागण. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना हे कळलेच पाहिजे. पण बाहेर फुटेल अशी धास्ती असली की रुग्ण ते लपवतो आणि साधा उपचारही जोखमीचा होतो. म्हणून गोपनीयता हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

‘दातांचा एक्स-रे चोरून कोणाला काय मिळणार?’ हा नेहमीचा आक्षेप. पण केसपेपरवर नाव, मोबाइल नंबर आणि आजार एकत्र असतात. शिवाय नात्यागोत्यांनी बांधलेल्या खान्देशातल्या गावांत, नाव झाकले तरी चेहऱ्याच्या फोटोवरून माणूस ओळखला जातो. हल्ल्यांतून मोठी रुग्णालयेही सुटत नाहीत: नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकयंत्रणा सायबर हल्ल्याने अनेक दिवस ठप्प झाली होती. डेटा पुरेसा सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात आहे. एका खुर्चीच्या दवाखान्याला ही काळजी परवडेल का? बहुतेक उपाय स्वस्त आहेत: प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा पासवर्ड, नोंदींची कुलूपबंद जादा प्रत, संमतीशिवाय व्हॉट्सॲपवर फोटो न टाकणे, आणि रुग्णाचा आजार प्रतीक्षाकक्षात मोठ्याने न विचारणे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे यात अडत नाही. नाव आणि चेहरा वगळून फक्त एक्स-रे पाठवला तरी सल्ला मिळतो.