पाऊस आभाळाचा, ओढा कुणाचा?



पुण्यातल्या पुराचा विषय निघाला की जुनी माणसं १२ जुलै १९६१ ची आठवण काढतात. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पण आताशा पुण्यात पाणी शिरायला धरण फुटावं लागत नाही. एका रात्रीचा पाऊस पुरतो. असं का होतं, आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा, एवढंच आज आपण पाहू.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या गटारांशी आमचा काय संबंध? संबंध आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. कालचा गावचा ओढा आज शहराचा नाला झाला. उद्या ही पाळी तुमच्याही गावावर येऊ शकते.

आधी साधा हिशेब करू. हा हिशेब शाळेत फळ्यावरही मांडता येईल. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं जवळजवळ दहा हजार लिटर. गुंठाभर वावर असेल तर त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं, उरलेलं सावकाश वाहतं. त्याच गुंठ्यावर काँक्रीट घाला. पाणी मुरायला जागाच नाही. बहुतेक सगळं पाणी लगेच धावत सुटतं. म्हणजे शहर वाढलं की ओढ्यावरचा भार वाढतो. ओढा रुंद ठेवायला हवा. आपण करतो उलटं. त्यावर भराव टाकतो, भिंती बांधतो, त्याला आक्रसून टाकतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हेच घडलं. कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला. पाणी सहकारनगर, अरण्येश्वर, दत्तवाडी भागांत घुसलं. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसानं शहरात आणि आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. पाऊस मोठा होता हे खरं. पण पाण्याची वाट अडलेली होती, हेही तितकंच खरं.

आता बंदीची गोष्ट. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. पण नकाशावरची रेषा नदीकाठी उभी राहून कुणाला अडवत नाही. तिथं पहिली वीट पडते त्या दिवशी कुणीतरी जाऊन थांबवावं लागतं. घर उभं राहिलं, माणसं राहायला आली, की मग बंदीचा जाच होतो तो गरिबाला.

प्लास्टिकचंही तसंच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पातळ पिशव्यांनी गटारं तुंबली, अशी ओरड झाली आणि पातळ पिशव्यांवर बंदी आली. पुढं मार्च २०१८ मध्ये राज्यानं अधिक कडक बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी भाजीच्या गाडीवर पिशवी मिळतेच. कारण उघड आहे. भाजीवाली डोळ्यांसमोर असते, तिला दंड करणं सोपं. पिशवी बनवणारा कारखाना आणि ती पुरवणारा ठोक व्यापारी शोधावा लागतो. मूळ सोडून पालवी खुडली तर तण मरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

पिशवी ओढ्यात टाकणारा हात आपला असतो, हे कबूल करू. पण तेवढ्यानं कचेरीची सुटका होत नाही.

मग जबाबदार कोण? धरणातून पाणी सोडणं जलसंपदा खात्याकडे. नाले, पावसाळी गटारं आणि कचरा महापालिकेकडे. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी. वाटणी स्पष्ट आहे. घोळ होतो तो सांध्यावर. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सुटलं. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर! सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, मदतीला लष्कर बोलवावं लागलं. आम्हाला वेळेवर कळवलंच नाही, असं रहिवासी म्हणत होते. कुणी कुणाला कधी कळवलं, यावर खात्याखात्यांत वाद झाला. दोघांच्या भांडणात पाणी मात्र घरात शिरलं.

“पैसे नाहीत” हेही उत्तर चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात गटारांच्या घाणीनं गांजलेले लोक दाद मागायला गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे निधी नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावून सांगितलं की, निधी नाही म्हणून नगरपालिकेला हे मूळ कर्तव्य टाळता येणार नाही.

तेव्हा विचारायला शिका, आणि लेखी विचारा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. “पूर का आला?” असं मोघम विचारू नका. अमुक नाला कोणत्या तारखेला साफ केला? गाळ किती निघाला? तो कुठं टाकला? बिल किती दिलं? काम पाहून सही कुणी केली? विहिरीचा गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीत तो परत विहिरीत जातो. नाल्याचंही तसंच, म्हणून ‘कुठं टाकला’ हा प्रश्न सोडू नका. आणि हे सगळं मे महिन्यात विचारा. पूर ओसरल्यावर विचाराल, तर हाती फक्त पंचनामा येईल.

शिक्षक मित्रांनो, एक विनंती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुलांना गावच्या ओढ्यावर न्या. जागोजागी त्याची रुंदी मोजा, कुठं अडला आहे त्याची नोंद करा, आणि तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावा. दरवर्षी नवा नकाशा जुन्याशेजारी लावा. ओढा आक्रसू लागला तर पोरांच्या डोळ्यांना ते आधी दिसेल. मग तोच नकाशा घेऊन ग्रामसभेत उभे राहा. पाऊस आभाळाचा आहे, त्याला जाब विचारता येत नाही. ओढ्याची राखण ज्यांच्याकडे दिली आहे, त्यांना मात्र विचारता येतो.