घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्या घरांत झोपेबद्दल दोन मते पक्की असतात. जो जोरात घोरतो त्याला गाढ झोप लागली, आणि जो दिवसा पेंगतो तो आळशी. दोन्ही मते चुकीची आहेत. गंमत अशी, की पुष्कळदा हे दोघे म्हणजे एकच माणूस असतो.

किन्हीराजा आणि भोवतालच्या खेड्यांत रात्रभर निवांत झोप सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. रब्बीत शेतीची वीज रात्री मिळाली तर हरभऱ्याला, गव्हाला पाणी रात्रीच द्यावे लागते. पीक उभे असले की रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी जागलीला जावे लागते. कोणी ट्रकवर असतो, कोणी पुण्या-मुंबईला रातपाळीची सिक्युरिटी करतो. अशा माणसाला दिवसा येणारी झोप आजार नव्हे, ती राहिलेली उधारी आहे. प्रौढ माणसाला चोवीस तासांत निदान ७ तास झोप लागते. रातपाळी करून आलेला माणूस झोपला असेल तर खिडकीला जाड चादर बांधा, टीव्ही बंद ठेवा आणि "दिवसभर लोळतो" असे म्हणू नका. घरातल्या बाईचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. सर्वांत शेवटी पडते तीच आणि सर्वांत आधी उठते तीच. २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात धरली. तो प्रश्न मध्यरात्री झोपलेल्या लोकांवरील पोलीस कारवाईचा होता. घरातल्या घरात मात्र हा हक्क आपणच द्यायचा आहे.

आता दुसरी गोष्ट. माणूस ७-८ तास झोपतो, तरी सकाळी डोके जड, तोंड कोरडे, आणि बसल्या जागी डुलकी. कार्यालयात असा बाबू असला की सगळे त्याला हसतात. स्टेअरिंगवर असला तर हसण्यासारखे काही राहत नाही. याच्या मागे बहुधा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा घोरका घेतो आणि पुन्हा झोपतो. तासाला ५ वेळांपेक्षा जास्त असे होऊ लागले की तो आजार. ३० च्या वर गेले तर तीव्र. त्याला स्वतःला यातले काही आठवत नाही. साक्षीदार एकच, शेजारी झोपणारी बायको. तेव्हा भगिनींनो, मालकाचे घोरणे मध्येच थांबते, घर शांत होते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज येतो का, हे तुम्हीच सांगू शकता. मोबाईलवर आवाज भरून डॉक्टरांना ऐकवला तरी चालेल. गोळ्या नियमित घेऊनही बी.पी. आटोक्यात येत नसेल, रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल, तर ही शंका जरूर घ्यावी. बारीक माणसालाही हा आजार होतो.

लहान मुलांचेही असेच. तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले करणारे, वर्गात लक्ष नसलेले पोर मारून सुधारत नाही. त्याच्या टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या.

झोप न लागण्याची तक्रार वेगळी. कर्ज, मुलीचे लग्न, नापिकी यांनी चार रात्री झोप उडाली तर ती परत येते. आठवड्यातून ३ रात्री आणि सलग ३ महिने असे चालले तर मात्र डॉक्टर गाठावा. आपल्याकडे त्याऐवजी क्वार्टर गाठतात. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्री ती झोप मोडते आणि श्वास अडकण्याचा आजार वाढवते. खर्ऱ्यातला तंबाखू तर मेंदूला जागाच ठेवतो. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी सर्वांत वाईट. तिची सवय लागते, आणि ज्याचा श्वास आधीच अडकतो त्याला ती धोक्याची आहे. जुनी सवय असेल तर एकदम बंदही करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावी. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठावे, मंद उजेडात बसावे, झोप आल्यावर पडावे. रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी.

रोज पहाटे तीन-चारला जाग येते, मन उदास असते, कशातच राम वाटत नाही, जीव नकोसा होतो, असे असेल तर तो झोपेचा नव्हे, मनाचा आजार असू शकतो आणि त्यात एक दिवसही थांबू नये. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ वर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

आणि ते छातीवर बसणारे भूत! जाग आली, डोळे उघडले, पण हातपाय हलेनात, कोणी छाती दाबतेय असे वाटते. स्वप्नाच्या झोपेत शरीर आपोआप सैल पडलेले असते. मेंदू आधी जागा झाला की असे घडते. अर्ध्या-एक मिनिटात सुटते, त्याने इजा होत नाही. जागरण झाले की हे वाढते. तरी आपल्यातली शिकलेली माणसेसुद्धा गुपचूप भगताकडे जातात, याचे मला फार वाईट वाटते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मात्र झोपेत झटके येणे, जीभ चावली जाणे, कपड्यात लघवी होणे ही फिट असू शकते, तिथे मेंदूविकाराचे डॉक्टरच हवेत. उतारवयात स्वप्नात लाथा-बुक्क्या मारणाऱ्या माणसालाही त्यांनाच दाखवावे. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशी तक्रार बायकांत पुष्कळ असते. ती लोहाच्या कमतरतेनेही होते, म्हणून आधी रक्त तपासावे.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढे अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वाशिमलाही २०२४ पासून झाले आहे. श्वासाच्या तक्रारीसाठी छातीरोग किंवा कान-नाक-घसा विभागात जावे. रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी करतात, ती सोय कुठे आहे हे तेच सांगतील. उपचार म्हणजे वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, आणि गरज पडल्यास नाकावर मास्क लावून हवा देणारे सीपॅप यंत्र. यंत्र स्वस्त नाही, म्हणून तपासणीआधी कोणाच्या सांगण्यावरून ते विकत घेऊ नये. जाताना दोन आठवड्यांचा झोपेचा हिशेब वहीत लिहून न्या: कधी पडलो, कधी उठलो, किती वेळा जाग आली, दिवसा कुठे डुलकी लागली. ज्याने घोरणे ऐकले त्यालाही बरोबर न्या.