रोमचा नियम आणि आपली पऱ्हाटी

युनो, जागतिक आरोग्य संघटना ही नावे बातम्यांत आली की आपल्या वस्तीतील माणूस म्हणतो, "तो मोठ्या देशांचा कारभार. आपला काय संबंध?" आम्ही म्हणतो, संबंध आहे. तो आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपापर्यंत येतो.

१९४५ साली ५१ देशांनी युनो स्थापन केली. भारत त्यांपैकी एक होता. आज सभासद देश १९३ आहेत. तिच्याच परिवारातील अन्न व कृषी संघटनेने रोममध्ये १९८५ साली कीटकनाशकांसाठी आचारसंहिता मंजूर केली. जे औषध फवारताना महागडी व अंगाला न सोसणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण देशांतील लहान शेतकऱ्यांनी वापरणे टाळावे, असा तिचा आशय आहे.

आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय घडले? पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली. फवारा तोंडावर, छातीवर येऊ लागला. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांत बहुतेकांजवळ ना हातमोजे होते, ना मुखवटा.

मग ३२ वर्षे तो नियम होता कुठे? कागदावर! ही आचारसंहिता ऐच्छिक आहे. जागतिक संघटनांजवळ आपले पोलीस नाहीत. अंमल करायचा तो देशोदेशींच्या सरकारांनी. १९९८ च्या रॉटरडॅम करारात घातक रसायनांची यादी आहे, पण तीत नवे नाव घालायला सर्व देशांचे एकमत लागते. एक देश अडला की काम अडते.

म्हणून या संघटना कुचकामी आहेत काय? मुळीच नाही. मोनोक्रोटोफॉस हे जहाल औषध त्या यादीत कधीच आले होते. २०२३ साली केंद्र सरकारनेही ते बंद करण्याचा आदेश काढला. उशीर झाला, पण जगाचा शब्द वाया गेला नाही. लोकांनी मागणी लावून धरली, तरच तो शब्द लवकर शेतात पोहोचतो.

तेव्हा माता-भगिनींनो, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण शिकलेल्या मुलांकडून पाहून घ्या. लाल सर्वांत जहाल; त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. हातमोजे, मुखवटा मिळाल्याशिवाय घरच्या माणसाला पंप उचलू देऊ नका. आणि ग्रामसभेत एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून विचारा, "आमच्या जिवाचा नियम कुठे आहे?"