जुनी मोटरसायकल, लेखांक ७ : कार्ब्युरेटरचा दोष शोधताना

जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर खोलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. गाडी किकला दाद देत नसेल, धावताना मिसिंग मारत असेल किंवा सिग्नलला बंद पडत असेल, तर पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. प्लग, पॉइंट किंवा कंडेन्सर बिघडला तरी लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. राजदूत १७५, येझदी रोडकिंग, बुलेट ३५० आणि १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १०० या गाड्यांचे स्लाइडचे कार्ब्युरेटर रचनेने साधे आहेत. त्यांचे दोषही मोजके असतात आणि क्रमाने गेल्यास बहुतेक घरच्या पान्यांनी सापडतात.

टाकीपासून सुरुवात

कल्याणजवळचा मोहने, आंबिवली हा उल्हास नदीकाठचा पट्टा. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून पाणी सुटते. टाकीचा पत्रा गंजतो, गंजाची तांबूस पूड टाकीखालच्या कॉकच्या जाळीवर आणि तिथून खाली कार्ब्युरेटरच्या बोलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीत जाते. २६ जुलै २००५ किंवा जुलै २०१९ सारख्या पुरात बुडालेली गाडी असेल, तर टाकी, बोल आणि एअर फिल्टर तिन्ही रिकामे करून सुकवल्याशिवाय किक मारू नये.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने हा त्रास वाढवला आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. कॉक नेमका तळातूनच पुरवठा घेतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. बोल उघडल्यावर आत पांढुरकी पूड दिसली, तर धातूला पाण्याने खाल्ले आहे असे समजावे.

पुरवठा तपासायला नळी कार्ब्युरेटरपासून काढून बाटलीत सोडावी. धार सलग असावी. थेंब थेंब येत असेल तर टाकीचे झाकण उघडून पुन्हा पाहावे. झाकण उघडताच धार वाढली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असते. अशी गाडी दोनतीन किलोमीटर नीट चालते, मग गुदमरून थांबते आणि थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालू होते. या दोषासाठी अनेक कार्ब्युरेटर विनाकारण खोलले गेले आहेत.

ठिणगीसाठी प्लग काढून, कॅप लावून, इंजिनच्या धातूला टेकवावा आणि सावलीत किक मारावी. प्लगच्या छिद्राजवळ पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी निळसर आणि ठसठशीत हवी. पिवळट, तुटक ठिणगी दिसली तर पॉइंट घासून, त्यांचे अंतर तपासून घ्यावे. बुलेटला ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते.

मूठ किती फिरवल्यावर त्रास होतो?

पेट्रोल आणि ठिणगी ठीक असतील तर कार्ब्युरेटरकडे वळावे; हवेची तपासणी पुढे चोरहवेच्या दोषात येते. त्याची एक सोय अशी की ॲक्सिलरेटरच्या मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर पेट्रोल मोजणारा भाग वेगळा असतो. मूठ बंद असताना आणि अष्टमांश उघडेपर्यंत काम स्लो जेट आणि एअर स्क्रू करतात. त्यापुढे पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप मिश्रण ठरवतो. पाव ते पाऊण मुठीत स्लाइडला लटकणारी पिन आणि तिच्याखालची नळी, तर पाऊण ते पूर्ण मुठीत मेन जेट. टप्प्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात, तरी निदानाला एवढे पुरते. मुठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या की त्रास कोणत्या टप्प्यात होतो हे चालवताना कळते. वेगाचा काटा इथे उपयोगाचा नाही, कारण तोच वेग वेगवेगळ्या गिअरमध्ये वेगवेगळ्या मुठीवर येतो.

टप्पा कळला की पेट्रोल कमी पडते आहे की जास्त होते आहे ते ठरवायचे. त्रासाच्या टप्प्यावर चोक अर्धा ओढावा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होते, आणखी बिघडली तर जास्त होत होते. पेट्रोल कमी असेल तर इंजिन तापते, मूठ सोडली तरी रेस हळूहळू उतरते आणि सायलेन्सरमधून फटफट येते. पेट्रोल जास्त असेल तर काळा धूर येतो, पिकअप जड होतो आणि प्लगवर कोरडी काजळी बसते.

टू-स्ट्रोक गाडीत कमी पेट्रोलचा दोष रेंगाळू देऊ नये. राजदूत आणि येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यामुळे पेट्रोल कमी झाले की ऑइलही कमी होते आणि पिस्टन जाम होतो. आरएक्स १०० ला ऑइलचा स्वतंत्र पंप आहे, तरी जास्त तापल्याने तिचाही पिस्टन धरतो.

नेहमीचे चार दोष

पहिला दोष पेट्रोल ओव्हरफ्लो होण्याचा. फ्लोटच्या सुईचे टोक आपल्या जागी नीट बसत नाही आणि नळीतून पेट्रोल गळते. टोकाला बोट लावून पाहावे. गोल खाच लागली तर सुई बदलावी. खाच नसेल तर जागेत गंजाचा कण अडकलेला असतो. फ्लोट कानाजवळ हलवल्यावर आत पेट्रोलचा आवाज आला, तर फ्लोट फुटलेला आहे. पातळी पाहण्यासाठी बोलच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती वर धरावी. पेट्रोल बोलच्या गॅस्केटच्या रेषेच्या थोडे खाली थांबले पाहिजे.

दुसरा दोष स्लो जेट बुजण्याचा. गाडी चोकवर चालते आणि चोक बंद केला की मरते. या जेटचे छिद्र साधारण मिलिमीटरच्या पाव भागाएवढे असते, म्हणून वाळलेल्या पेट्रोलचा पातळसा थरही ते बंद करतो. छिद्रात स्टीलची सुई किंवा पिन घालू नये, पितळ खरवडले की मापच बदलते. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार, कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत एवढे पुरते. जेट उजेडाकडे धरल्यावर छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे.

तिसरा दोष चोरहवेचा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला भेग पडते किंवा फ्लँज जास्त आवळून वाकलेला असतो. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडावर साबणाचे पाणी फवारावे. रेस बदलली की गळती तिथेच आहे. पेट्रोल फवारून ही परीक्षा घेण्याची सवय धोक्याची आहे, तापलेल्या इंजिनावर ते भडकू शकते. टू-स्ट्रोकमध्ये बाहेरचे सगळे जोड ठीक निघाले, तर क्रँकच्या ऑइल सीलकडे पाहावे.

चौथा दोष झिजेचा. वर्षानुवर्षे चाललेली स्लाइड आपल्या नळकांड्यात खडखडते आणि तिच्या बाजूने हवा शिरते. पिन आणि तिची नळी घासून छिद्र लांबट होते, तेव्हा गाडी मधल्या मुठीत पेट्रोल खाते. अशा कार्ब्युरेटरचे ट्युनिंग टिकत नाही. पिन आणि नळी जोडीनेच बदलाव्या लागतात आणि स्लाइडचे घर झिजले असेल तर पूर्ण कार्ब्युरेटर.

ट्युनिंग

इंजिन गरम झाल्यावर स्क्रूला हात लावावा. एअर स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून दीड फेरा उघडावा, मग थोडा थोडा फिरवून रेस सर्वांत जास्त कुठे येते ते पाहावे आणि शेवटी रेसच्या स्क्रूने स्लो कमी करावा. एअर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उघडल्याने हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर उघडल्याने पेट्रोल वाढते. स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नसेल, तर स्लो जेट बुजलेला आहे किंवा चोरहवा आहे.

पिनच्या वरच्या टोकाला खाचा असतात. क्लिप एक खाच खाली लावली की पिन वर उठते आणि मधल्या मुठीत पेट्रोल वाढते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जुन्या कार्ब्युरेटरला हा फरक ओळखता येत नाही, म्हणून पूर्वी नीट चालणाऱ्या गाडीला नव्या मिश्रणावर पेट्रोल किंचित कमी पडते. एक खाच किंवा एका मापाने मोठा मेन जेट हा त्यावरचा उपाय.

पूर्ण मुठीची परीक्षा प्लगवर होते. कल्याण-मुरबाड रस्त्याच्या मोकळ्या भागात, रहदारी नसताना, पूर्ण मुठीवर काही अंतर जाऊन क्लच दाबावा, चावी बंद करावी, बाजूला थांबून प्लग काढावा. चिनीमातीचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आणि काळा असेल तर जास्त. स्लोवर बराच वेळ चाललेल्या गाडीचा प्लग काळाच दिसतो, त्यावरून मेन जेटचा निवाडा करू नये.

स्लोची परीक्षा पीयूसी केंद्रावरही होते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या, पण बीएस-६ पूर्वीच्या पेट्रोल दुचाकींना ३.५ टक्के. आकडा मर्यादेला टेकला असेल तर स्लोचे पेट्रोल जास्त आहे. तो अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र भरपूर असेल, तर गाडी मिसिंग मारते आहे. टू-स्ट्रोकचे हायड्रोकार्बन मुळातच जास्त असते, हे लक्षात घ्यावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. त्यासाठी कल्याण आरटीओत जाण्यापूर्वी पीयूसीचा कागद ट्युनिंगचा दाखला म्हणूनही वाचता येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी : जेटचा आकडा, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मागे जाता येत नाही.

पुढील लेखांक : पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग.